रस्त्याचा चढ: पायगाडीच्या इतिहासांतील एक प्रकरण

लांब पल्ल्याच्या सायकल-यात्रेस निघणारा मनुष्य प्रथम दोन प्रश्न विचारतो: रस्ता किती लांबीचा, आणि रस्ता किती चढाचा? पहिल्याचें उत्तर मैलांच्या दगडांनीं फार पूर्वींच देऊन ठेवलें आहे. त्यांत वादाला जागा नाहीं. दुसऱ्याचें उत्तर मात्र गेल्या दीडशे वर्षांत निदान चार वेळां बदललें, आणि प्रत्येक वेळीं तें देणाराला, आतां यापुढें विचारण्यासारखें कांहीं उरलें नाहीं, असेंच वाटलें. आज यात्रेच्या पत्रकांत अंतराच्या शेजारीं ‘एकूण चढ इतके मीटर’ असा एक आंकडा दिलेला असतो. तो आंकडा कोठून आला, त्यानें काय कळतें आणि काय कळत नाहीं, हें पाहावयाचें तर पायगाडीच्या इतिहासांत थोडें मागें जावें लागतें.

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाहीं. पॅरिसमधील ‘ओदाक्स क्लब पारिझियँ’ या संस्थेच्या नियमांनीं आज जगभर ज्या यात्रा होतात, आणि ज्यांत पुण्यामुंबईकडील पुष्कळ मंडळीही भाग घेतात, त्यांत वेळेची मुदत ठरलेली असते: २०० किलोमीटरांस साडेतेरा तास, ३०० स वीस, ४०० स सत्तावीस, ६०० स चाळीस. ही शर्यत नव्हे. पहिला कोण आला याचें येथें महत्त्व नाहीं. मुदतींत पोहोंचला तो उत्तीर्ण, न पोहोंचला तो अनुत्तीर्ण, एवढाच निवाडा. परंतु रस्ता गंगेच्या मैदानांतला असो वा सह्याद्रीच्या कुशींतला असो, मुदत एकच! चढाबद्दल एका मिनिटाचीही सवलत नाहीं. म्हणजे चढाचा हिशेब करण्याचें काम नियमांनीं यात्रिकावरच सोंपविलें आहे, आणि तो चुकला तर वर्षभराची मेहनत व पदरचा पैसा दोन्हीं वायां जातात.

या सर्व यात्रांची मातामही शोभेल अशी एक यात्रा आहे. ती पॅरिसहून फ्रान्सच्या पश्चिम टोंकाच्या ब्रेस्ट बंदराला जाऊन परत पॅरिसला येण्याची. १८९१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राच्या प्येर जिफार यानें ती प्रथम शर्यत म्हणून भरविली. अंतर सुमारें १२०० किलोमीटर. दोनशेंहून अधिक स्वार निघाले आणि सुमारें शंभरांनींच ती पुरी केली. पहिला आलेला शार्ल तेराँ सुमारें एकाहत्तर तासांत, जवळजवळ न झोंपतां, परत आला. १९३१ पासून हौशी यात्रिकांसाठीं ती निराळी होऊं लागली, आणि हल्लीं दर चार वर्षांनीं होते. जास्तींत जास्त मुदत नव्वद तासांची.

आतां या रस्त्याचा नकाशा पाहावा. पॅरिसपासून पश्चिमेस पेर्शचा मुलूख, मग मेन, मग ब्रिटनी. वाटेंत ना आल्प्स, ना पिरेनीज. सर्वांत उंच भाग म्हणजे ब्रिटनीमधील आरे नांवाची डोंगररांग, आणि तिच्यावरचें रॉक त्रेव्हेझेल हें शिखरही चारशें मीटर भरत नाहीं. आपलें पुणें शहर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांवर आहे. तेव्हां पुणेंकराला हा सारा मुलूख खोलगट वाटला तर त्याला दोष देतां येणार नाहीं. परंतु याच रस्त्यावर जातां-येतां यात्रिक जेवढें चढतो त्याची बेरीज दहा ते बारा हजार मीटर होते. गौरीशंकराहून उंच असें जें एव्हरेस्ट, तें ८,८४९ मीटर. चारशें मीटरांहूनही कमी उंचीच्या मुलखांत एव्हरेस्टहून मोठा चढ कोठें दडून बसला होता?

पायगाडीच्या पहिल्या काळांत हा प्रश्न कोणालाच पडला नसता. कारण त्या काळचा स्वार चढाला भीत नव्हता, उताराला भीत होता. १८७० नंतरची पंधरा-एक वर्षें उंच चाकाच्या सायकलीचीं. पुढलें चाक छातीइतकें उंच, स्वार जवळजवळ त्याच्या डोक्यावर बसलेला, आणि ब्रेक म्हणजे त्या चाकाच्या रबरावर दाबला जाणारा एक लोखंडी चमचा. चढ लागला तर खालीं उतरून गाडी ढकलावी, त्यांत लाज नव्हती. पण उतारावर ब्रेक जोरानें दाबला कीं मागचें चाक उचलें आणि स्वार तोंडावर आपटे. इंग्लंडांत सायकल-यात्रिकांचा जो संघ १८७८ सालीं निघाला, त्यानें व इतर संघांनीं टेकड्यांच्या माथ्यांवर ‘ही टेकडी धोक्याची आहे’ अशा आशयाच्या पाट्या उभारल्या. पाटी माथ्यावर, पायथ्याशीं नव्हे, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. त्या यंत्राला ज्याची भीति होती, तेंच त्या काळानें मोजलें. पुढेंही हेंच होत गेलें.

१८८५ सालीं दोन सारख्या चाकांची, सांखळीची ‘रोव्हर’ सायकल आली. १८८८ सालीं डनलॉपनें हवेची धांव काढली. आतां चढ चढून जाणें शक्य झालें, आणि त्याबरोबर चढ मोजण्याची आवश्यकताही उत्पन्न झाली. पण मोजावयाचा कसा? मापाची पद्धति आयती तयार होती, ती रेल्वेच्या इंजिनियरांची.

रेल्वेच्या इंजिनियराचा चढाविषयींचा विचार आमच्या वाचकांस बोरघाटाच्या उदाहरणानें चटकन् कळेल. मुंबईहून पुण्याकडे येणारी गाडी घाट चढूं लागली ती १८६३ सालीं. घाटाची लांबी पावणेसोळा मैल, चढाई १,८३१ फूट. लांबीला चढाईनें भागलें तर सरासरी ४५ फुटांस १ फूट असा सौम्य चढ निघतो. परंतु इंजिनियराला या सरासरीचें फारसें सोयरसुतक नसतें. तो विचारतो, सर्वांत कठीण चढ कोणता? बोरघाटांत तो ३७ फुटांस १ फूट. इंजिनाला जें ओझें त्या तुकड्यावर ओढवतें, तेवढेंच ओझें सबंध मार्गावर लादतां येतें. कारण गाडी एका जागीं अडली तर बाकीचा रस्ता कितीही सोपा असून काय उपयोग? आगगाडीला हें शास्त्र चोख लागू पडतें. सायकलस्वारांनीं तें जसेंच्या तसें उचललें आणि रस्त्यांच्या पुस्तकांत ‘अमुक टेकडी, दहास एक’, ‘तमुक टेकडी, सातास एक’ अशा नोंदी येऊं लागल्या. पण सायकलस्वार इंजिन नव्हे. तो अडला तर उतरून चालतो. सातास एक हा चढ दोनशें पावलांचा असेल तर तो पांच मिनिटांचा प्रश्न. तीसास एक हा चढ पंधरा मैलांचा असेल तर तो अर्ध्या दिवसाचा. सर्वांत कठीण चढाचा आंकडा स्वाराला कोठें उतरावें लागेल तें सांगे. संध्याकाळीं अंगांत किती त्राण उरेल, हें सांगत नसे.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न ज्यानें केला त्या गृहस्थाचें नांव आज फारसें कोणाला ठाऊक नाहीं. एडिंबरोच्या गॉल आणि इंग्लिस या प्रकाशन-संस्थेचा हॅरी इंग्लिस. १८९६ च्या सुमारास त्यानें स्कॉटलंडच्या रस्त्यांचें एक पुस्तक काढलें आणि पुढें इंग्लंडच्या रस्त्यांचींही काढलीं. त्यांत प्रत्येक रस्त्याचा उभा छेद काढलेला आहे: खालीं मैल, बाजूला फूट, आणि मधून डोंगराच्या कडेसारखी वरखालीं जाणारी एक रेघ. उभें माप आडव्या मापाहून पुष्कळ वाढविलेलें असल्यामुळें साधें टेकाड त्यांत सुळक्यासारखें दिसतें, व नवख्या माणसाच्या पोटांत गोळा येतो. पण एकदां डोळा सरावला कीं त्या रेघेंतून जें कळतें तें कोणत्याही एका आंकड्यांतून कळत नाहीं. चढ किती आहेत, किती लांबीचे आहेत, एका मागोमाग आहेत कीं मध्यें उसंत आहे, आणि मुख्य म्हणजे दिवसाच्या कोणत्या प्रहरीं ते वाट्याला येणार! प्रस्तुत लेखकाच्या मतें चढ सांगण्याची याहून प्रामाणिक रीति अद्यापि निघालेली नाहीं.

उलट बाजूनें, चढाविषयीं अप्रामाणिकपणाचा नमुनाही याच इतिहासांत सांपडतो, आणि तो इतका चटकदार आहे कीं तो वगळणें जिवावर येतें. फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत, ‘तूर द फ्रान्स’, १९०३ सालीं सुरू झाली. तिचा चालक आँरी देग्रांज हा डोंगरांना बिचकत असे. १९१० सालीं त्याचा सहकारी आल्फाँस स्तेनेस यानें शर्यत पिरेनीज पर्वतांतून न्यावी असा हट्ट धरला, आणि पाहणीसाठीं तो स्वतः तूरमाले खिंडीकडे गेला. खिंड २,११५ मीटर उंच. बर्फांत मोटार अडली. स्तेनेस रात्रीं एकटाच पायीं निघाला, अंधारांत बर्फावर धडपडत कसाबसा खिंड ओलांडून पहाटे पलीकडच्या बारेज गांवीं अर्धमेल्या स्थितींत पोहोंचला. थोडा सांवरल्यावर त्यानें देग्रांजला तार केली. तिचा आशय असा, कीं तूरमाले ओलांडली, रस्ता उत्तम आहे, सायकलींना जाण्यास कांहीं हरकत नाहीं! त्या वर्षीं २१ जुलै रोजीं लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरांचा टप्पा पेरसूर्द, आस्पँ, तूरमाले आणि ओबिस्क या चार खिंडींतून गेला. ऑक्ताव्ह लापीझ यानें तो जिंकला व पुढें ती सबंध शर्यतही जिंकली. पण ओबिस्कच्या चढावर संयोजक दिसतांच त्यानें त्यांना उघड उघड खुनी म्हटलें. गुस्ताव्ह गारिगू हा तूरमाले न उतरतां चढून गेला, त्याबद्दल त्याला शंभर फ्रँक बक्षीस मिळालें. यावरून इतरांनीं तो चढ कसा काढला असेल याची कल्पना येते. शर्यतीचे इतिहासकार स्तेनेसच्या तारेची गोष्ट कौतुकानें सांगतात. शर्यत यशस्वी झाली म्हणून कौतुक. एखादा स्वार दगावला असता तर त्याच तारेला काय नांव दिलें असतें?

त्या दिवशींच्या स्वारांना चढ एवढा असह्य होण्याचें आणखी एक कारण होतें, आणि तें रस्त्यांत नव्हतें, सायकलींत होतें. गिअर बदलण्याची सोय, म्हणजे चढावर पायाला हलकें व सपाटीवर जड असें दांतेचक्र निवडण्याची युक्ति, तेव्हां अज्ञात नव्हती. सेंट-एतियेन येथील पॉल द व्हिव्ही, जो ‘व्हेलोसिओ’ या नांवानें लिही, तो आपल्या ‘ल सिक्लिस्त’ मासिकांतून तिचाच पुरस्कार करीत होता, आणि गांवाजवळच्या ११६१ मीटर उंचीच्या खिंडींत तिचे प्रयोगही करीत होता. परंतु देग्रांजच्या मतें ती सोय पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठीं होती. त्याच्या शर्यतींत तिला १९३७ सालापर्यंत मज्जाव होता. तोंवर स्वार घाटाच्या पायथ्याशीं उतरून मागचें चाक काढून उलटें बसवीत, कारण त्याच्या दोन बाजूंस दोन मापांचीं दांतेचक्रें असत. एकच खिंड व्हेलोसिओच्या शिष्याला सकाळची फेरी वाटे आणि देग्रांजच्या वीराला मृत्यूची घाटी वाटे. चढ हा केवळ भूगोलाचा विषय नाहीं, हें येथें कबूल करावें लागतें.

‘एकूण चढ’ ही कल्पना मात्र पादचाऱ्यांकडून आली असावी असें मला वाटतें. १८९२ सालीं स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यानें एक साधा नियम मांडला: तीन मैलांस एक तास, आणि चढलेल्या दर दोन हजार फुटांस आणखी एक तास. या नियमांत सर्वांत कठीण चढ कोणता याचा उल्लेखच नाहीं. सगळे चढ एका पोत्यांत घालून त्यांचें वजन काळाच्या तराजूंत केलें आहे. सायकल-यात्रिकांनीं हाच विचार पुढें नेला. समोच्चरेषांचा नकाशा घ्यावा, आपला रस्ता चढतांना किती रेषा ओलांडतो तें मोजावें, आणि दोन रेषांमधील उंचीनें गुणावें. ब्रिटनमध्यें चढाच्या यात्रांना विशेष गुण देण्यासाठीं अशी रेषांची मोजणी वर्षानुवर्षें होत असे. हें काम डोळे फोडणारें खरें, पण त्यांत एक मोठी मौज होती. दोन रेषांच्या मधोमध जीं टेकाडें उठतात आणि बसतात, तीं या गणितांत शून्य! भारतीय सर्वेक्षण विभागाच्या पन्नास हजारांस एक प्रमाणाच्या नकाशांवर ही रेषा सामान्यतः दर वीस मीटरांस असते. म्हणजे पंधरा मीटरांचा उंचवटा वीस वेळां चढला तरी कागदावर आपण सपाटीनेंच गेलों.

फेब्रुवारी २००० मध्यें अमेरिकेच्या अवकाशयानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरून रडारनें जमिनीच्या उंचीचें मोजमाप केलें, तेव्हां रेषा मोजण्याचें युग संपलें. आज घरबसल्या कोणत्याही रस्त्याचा चढ क्षणार्धांत काढतां येतो. पण तो आंकडा पूर्वींच्या नेमका उलट चुकतो. ही उंची नव्वद मीटरांच्या, पुढें तीस मीटरांच्या चौकटींची. डोंगराच्या कडेनें कोरलेला सपाट रस्ता घ्या: चौकट रस्त्याच्या वर पडली तर उंची अधिक, खालीं पडली तर कमी, म्हणून गणकयंत्राला तो करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. पुलावरून जाणारा यात्रिक त्याच्या हिशेबीं ओढ्यांत उतरून पुन्हां वर येतो, आणि बोगद्यांतून जाणारा डोंगरमाथा चढून उतरतो. सायकलीवरच्या वायुभारमापकाची तऱ्हा निराळी. हवेचा दाब एक मिलिबार उतरला कीं तो सुमारें आठ मीटर चढलों असें सांगतो. वाटेंत वादळ येऊन दाब पांच मिलिबारांनीं पडला तर जागच्या जागीं उभा असलेला मनुष्य चाळीस मीटर चढतो. एकाच यात्रेहून एकत्र परतलेल्या दोघांच्या यंत्रांवर हजार-दीड हजार मीटरांचा फरक दिसावा, यांत म्हणून आश्चर्य नाहीं. या घोटाळ्याच्या मुळाशीं एक जुनें सत्य आहे. समुद्रकिनाऱ्याची लांबी किती, या प्रश्नाला एक उत्तर नाहीं, पट्टी जितकी लहान तितकी लांबी वाढत जाते, असें गणितज्ञ मँडेलब्रोट यानें रिचर्डसनच्या मोजमापांच्या आधारें १९६७ सालीं दाखविलें. चढाचेंही तसेंच आहे. दगडागोट्यांवरचा प्रत्येक उंचवटा धरूं लागलों तर पंढरपूरची वाटही हिमालय होईल.

मग आंकडा टाकूनच द्यावा कीं काय? तसें नाहीं. तो अंतराशीं जोडून वाचावा. यात्रिकांत एक ठोकताळा आहे: शंभर किलोमीटरांस हजार मीटर चढ म्हणजे रस्ता डोंगराळ समजावा. पॅरिस-ब्रेस्टचा हिशेब शंभरांस नऊशेंच्या आसपास येतो. म्हणजे ज्या रस्त्यावर डोंगर नाहीं तो रस्ता डोंगराळाच्या जवळपास! याचा उलगडा आपल्याकडे, कोंकणांत, चांगला होतो. मुंबईहून पुण्यास निघालेला स्वार बोरघाटाची धास्ती घेतो; पण घाट एकच, आणि तो चढला कीं पुढें देश बऱ्यापैकीं मोकळा. उलट गणपतीपुळें, रत्नागिरी, पावस, पूर्णगड असा किनाऱ्यानें जाणारा रस्ता घ्या. नकाशावर समुद्राला चिकटलेला, सह्याद्रि दूर. पण खाडी आली कीं रस्ता पाण्यापर्यंत उतरतो, पलीकडे पुन्हां सड्यावर चढतो. सडा संपतो न संपतो तोंच पुढची खाडी. कोणताही एक चढ सांगण्यासारखा नाहीं, आणि सूर्यास्तापर्यंत बोरघाट दोनदां चढल्याचा शीण मांड्यांत उतरतो. ब्रिटनीचा रस्ता याच जातीचा आहे, आणि तो १२०० किलोमीटर तसाच चालतो.

२०१९ सालच्या यात्रेस भारतांतून तीनशेंच्या आसपास यात्रिक गेले होते. त्यांतील बहुतेकांना नव्वद तासांत परतणें साधलें नाहीं. याचें सारें खापर चढांवर फोडणें बरोबर होणार नाहीं. त्या वर्षीं जातांना वारा तोंडावर होता, रात्रीं आपल्या लोकांना न सोसणारी थंडी होती, झोंपेचा हिशेब पुष्कळांचा चुकला. पण आपल्याकडील सराव बव्हंशीं रुंद, सरळ महामार्गांवर होतो, जेथें चढ क्वचित् आणि मोठा असतो. लहान लहान चढांची अखंड माळ पायांना परिचयाची नसते.

या माळेची किंमत साध्या गणितानें काढतां येते. स्वार व सायकल मिळून ऐंशी किलो धरूं. चढ अकरा हजार मीटर. दिवसरात्र चालविणारा मनुष्य सुमारें दीडशें वॉट, म्हणजे अश्वशक्तीचा पांचवा हिस्सा, एवढी शक्ति टिकवूं शकतो असें मानूं. तर एवढें वजन एवढें उचलण्यांतच त्याचे सोळा तास खर्चीं पडतात. वाऱ्याचा व रस्त्याच्या घर्षणाचा खर्च वेगळाच. नव्वदांतले सोळा! उतारावर यांतलें कांहीं परत मिळतें, पण सगळें मिळत नाहीं: वेग वाढला कीं हवेचा विरोध त्याहून वाढतो, आणि अंधारांत अनोळखी वळणावर शहाणा मनुष्य ब्रेक दाबतोच.

शिवाय अकरा हजारांपैकीं प्रत्येक मीटर सारख्या वजनाचा नसतो. पेर्शमधील मोर्ताञ हें गांव टेकडीवर वसलेलें आहे. जातांना तें प्रारंभींच्या शेंदीडशें किलोमीटरांतच लागतें, आणि यात्रिक तेथें गप्पा मारीत पोहोंचतात. परततांना तेंच गांव अकराशें किलोमीटरांच्या सुमारास, तीन-तीन रात्रींच्या जागरणानंतर पुन्हां लागतें. त्या वेळीं पुष्कळ जण उतरतात आणि सायकल हातीं धरून टेकडी चढतात. तेथून पुढें शेवटचें ठाणें रांबुइये अजून शंभर-सव्वाशें किलोमीटर उरलेलें असतें, आणि मधला पेर्शचा टापू पुन्हां चढउतारांचाच आहे.